कुलूप कोणतेही चालेल, किल्ली कुठे ठेवणार?

घनसावंगीत पीकविमा किंवा अनुदानाच्या अर्जाचे दिवस आले की शेतकऱ्यांची पावले ऑनलाइन सेवा केंद्राकडे वळतात. आधार, सातबारा, बँक पासबुक स्कॅन होते, अर्ज भरला जातो, पावती हातात पडते. शेतकरी घरी जातो. त्याच्या कागदांच्या फाइल मात्र अनेकदा त्याच संगणकावर राहतात. उद्या तो संगणक चोरीला गेला, दुरुस्तीला दिला किंवा जुना म्हणून विकला, तर?

‘विंडोजला पासवर्ड आहे’ एवढ्यावर अनेक जण निर्धास्त असतात. पण हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर हा पासवर्ड आडवा येत नाही. पुसलेल्या फाइलही कित्येकदा परत मिळतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मात्र किल्लीशिवाय तिच्यातून काहीही वाचता येत नाही.

कोणते सॉफ्टवेअर कशासाठी?

संपूर्ण संगणकासाठी: विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते. होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या संगणकांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळते. मॅकवर फाइलव्हॉल्ट आहे. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

सामायिक संगणक किंवा पेनड्राइव्हसाठी: व्हेराक्रिप्ट. ते मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही तपासता येतो. त्यात एक बंद पेटी तयार होते. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते.

एखादी फाइल पाठवायची असेल तर: सेव्हन-झिप. फाइल पासवर्ड लावून पाठवावी आणि पासवर्ड फोन करून सांगावा. दोन्ही एकाच व्हॉट्सॲपवर पाठवले, तर कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखेच.

या सर्वांत एईएस ही पद्धत वापरता येते. अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेली ही पद्धत आजही भक्कम आहे. त्यामुळे ‘सर्वांत मजबूत सॉफ्टवेअर कोणते’ या वादात घरगुती वापरकर्त्याने पडू नये. खरा प्रश्न किल्लीचा आहे.

कुलूप तुटत नाही, किल्ली जाते

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. गावात ही माहिती कोणापासून लपलेली असते?

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा २०२५ मध्ये गाजला. त्यात अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड इतरांनी वापरल्याचा आरोप झाला, गुन्हाही दाखल झाला. अशा ठिकाणी कोणतेही एन्क्रिप्शन कामी येत नाही. किल्ली दुसऱ्याच्या हातात असेल, तर कुलूप त्याच्यासाठी उघडेच असते.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली जाते. संगणक दुकानदाराने स्वतःच्या खात्यावरून सुरू करून दिला असेल, तर ती की त्याच्याच खात्यात जाऊ शकते. म्हणून संगणक घेताना खाते स्वतःचेच उघडावे. व्हेराक्रिप्टमध्ये तर विसरलेला पासवर्ड परत मिळवण्याची सोयच नाही. मुलांचे फोटो, शेताच्या मोजणीचे नकाशे, सगळे कायमचे जाईल. की आणि पासवर्ड कागदावर लिहून खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवणे, हा जुना उपायच इथे उत्तम. महत्त्वाच्या फाइलची आणखी एक एन्क्रिप्ट केलेली प्रत दुसऱ्या जागी हवीच.

जबाबदारी कोणाची?

स्वतःचा संगणक ज्याचा त्याने सांभाळावा. पण ज्या शेतकऱ्याकडे संगणकच नाही, त्याने काय करावे? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेच्या उपायांत त्यांनी एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख केला आहे. हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत असले, तरी सेवा केंद्रांनी शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. डिस्क एन्क्रिप्ट करणे आणि काम झाले की ग्राहकासमोर फाइल पुसणे, याला खर्च जवळजवळ नाही.

ग्राहकानेही पावती घेताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘माझे कागद संगणकावरून काढले का?’