गुठळी नशिबाने होत नाही

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. पूर्ण उपचार मिळाले तर यातली बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र याच उपचारांच्या काळात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ही माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचत नाही, असा आमचा आरोप आहे.

या धोक्याची कारणे विज्ञानाला ठाऊक आहेत. अ‍ॅस्परॅजिनेज हे या आजारावरचे महत्त्वाचे औषध. त्यामुळे रक्ताच्या गोठण्याला आवर घालणारी अँटीथ्रॉम्बिनसारखी प्रथिने यकृतात कमी तयार होतात. त्यात स्टिरॉइड, मोठ्या शिरेत बसवलेली नळी आणि मूळ आजार यांची भर पडते. उपचाराच्या पहिल्या टप्प्यात धोका जास्त असतो. दहा वर्षांवरील मुलांना आणखी जास्त. गुठळी हातापायांच्या, मानेच्या, कधी मेंदूच्या शिरेतही होते.

हात, पाय किंवा मान सुजली, दम लागला, सतत डोके दुखून उलट्या झाल्या, फिट आली, एक बाजू लुळी पडली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. पाठीतून इंजेक्शन दिल्यानंतरही डोके दुखते. फरक डॉक्टरांनी तपासून सांगायचा, घरी अंदाज बांधायचा नाही.

काही जण म्हणतात, "एवढं सांगितलं तर आईबाप घाबरून उपचार सोडतील." आम्हाला हे मान्य नाही. न सांगता अचानक फिट आली, की नातेवाईक म्हणतात औषधानेच पोर बिघडले, चला भगताकडे. उपचार सुटतो तो असा. इंग्रजी फॉर्मवर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. मजुरी बुडवून गावाहून परळला येणाऱ्या आईला समजेल अशा मराठीत सांगणे, हा तिच्या सन्मानाचा प्रश्न आहे.

गुठळी सापडली तर हेपॅरिन गटातली इंजेक्शने अनेक आठवडे घ्यावी लागतात. ती, सोनोग्राफी आणि स्कॅन घराजवळच्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळाली पाहिजेत. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या अनुच्छेद 47 नुसार राज्याचे कर्तव्य आहे. आपण भीक मागत नाही.

बुद्धाने कार्यकारणभाव शिकवला. म्हणून तरुण साथींनो, वस्तीत असे मूल असेल तर ही लक्षणे मराठीत लिहून त्या घराच्या भिंतीवर लावा. रात्री गाडी कोण आणणार, हे आजच ठरवा. आणि प्रत्येक रुग्णालयाकडे मराठी माहितीपत्रक लेखी मागा.

जय भीम!