विश्लेषण : मोबाइलवरच्या नकाशातला लाल ठिपका म्हणजे वादळ येणारच का?

अवकाळीचे दिवस आले की गावातल्या व्हॉट्सॲप गटापासून मुंबईतल्या सोसायटीच्या गटापर्यंत एकच चित्र फिरू लागते. महाराष्ट्राच्या नकाशावर लाल-जांभळे ठिपके आणि खाली ‘येत्या गुरुवारी गारपीट, कांदा झाकून घ्या’ अशी ओळ. हे चित्र तयार करणारा बहुतेक वेळा हवामान खात्याचा नसतो. कुणी शिक्षक असतो, कुणी संगणक अभियंता, कुणी शेतकरी. अशा हौशी अभ्यासकांपैकी काहींचे अंदाज खरोखर चांगले असतात, तर काहींचे निव्वळ स्क्रीनशॉट. दोघांतला फरक कळायचा तर हे नकाशे कसे बनतात ते पाहावे लागते.

हे नकाशे येतात कुठून?

‘विंडी’सारखी ॲप स्वतः अंदाज बनवत नाहीत, ती दुसऱ्यांच्या मॉडेलचे निकाल रंगवून दाखवतात. सर्वाधिक वापरले जाणारे मॉडेल म्हणजे अमेरिकी सरकारी संस्था ‘नोआ’चे ‘जीएफएस’. ते दिवसातून चार वेळा चालवले जाते, पुढच्या १६ दिवसांचे चित्र देते आणि सगळे फुकट. दुसरे युरोपीय केंद्राचे ‘ईसीएमडब्ल्यूएफ’. त्याची माहिती पूर्वी बरीचशी पैसे मोजून घ्यावी लागे, अलीकडे ती टप्प्याटप्प्याने खुली झाली. भारताने मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली.

मॉडेल पृथ्वीभोवतालच्या हवेचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले तापमान, दाब, वारा, बाष्प पुढे कसे बदलेल याचे गणित करते. जीएफएसचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपीय मॉडेलचा ९, भारतीय प्रणालीचा ६.

मग अडचण काय?

वळवाचा एक ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात बरसून मोकळा होतो. १३ किलोमीटरच्या चौकोनाला तो ढग दिसतच नाही. ‘या भागात ढग तयार होण्यासारखी हवा आहे’ एवढे ताडून मॉडेल सरासरी पाऊस मांडते. ॲप मात्र तोच आकडा तुमच्या गावाच्या नावासमोर, तासासकट दाखवते. खरी फसगत इथे होते.

पाऊस किती असमान पडू शकतो याचे उदाहरण मुंबईकर विसरणार नाहीत. २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! तो तर पावसाळी ढगांचा मोठा समूह होता. एकट्यादुकट्या वळवाचे ठिकाण चार दिवस आधी सांगणे कोणत्याच मॉडेलला जमत नाही.

चांगला हौशी अभ्यासक वेगळे काय करतो?

तो पावसाचा रंगीत नकाशा सगळ्यात शेवटी पाहतो. आधी ‘केप’ पाहतो, म्हणजे हवेला वर उसळायला किती ऊर्जा उपलब्ध आहे ते. पण मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर केप भरपूर असूनही आकाश अनेकदा कोरडेच राहते, कारण वर उष्ण-कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. ते झाकण दुपारी उघडेल का, हा खरा प्रश्न. त्यासाठी समुद्रावरून येणारे बाष्प आणि वेगवेगळ्या उंचीवरचे वारे तपासावे लागतात. त्यात घाट आहेतच. मॉडेलच्या चौकोनात सह्याद्रीचे कडे आणि खिंडी गुळगुळीत होऊन जातात. कुठल्या दिशेचा वारा असला की आपल्या खोऱ्यात ढग उभे राहतात, हे वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्यालाच ठाऊक असते. इथे हौशी माणूस कधी कधी यंत्रावर मात करतो.

शिवाय तो एका निकालावर विसंबत नाही. सुरुवातीच्या नोंदी किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवतात. युरोपीय केंद्र अशी सुमारे ५० चित्रे देते. त्यातल्या पाचांतच वादळ असेल तर शक्यता कमी, चाळिसांत असेल तर जास्त. व्हायरल होते ते मात्र पाचांतले सर्वांत भयंकर चित्र.

चेन्नईचे प्रदीप जॉन हे या हौशी परंपरेतले देशातले सर्वांत परिचित नाव. त्यांची नोकरी वेगळ्या क्षेत्रातली. २०१५ च्या चेन्नईतील महापुराच्या काळात त्यांच्या पोस्ट घरोघरी वाचल्या गेल्या, त्याचे एक कारण म्हणजे घाबरण्यासारखे नसेल तेव्हा तेही ते स्पष्ट सांगत.

एआयने हे सुटेल का?

गूगल डीपमाइंडचे ‘ग्राफकास्ट’ किंवा युरोपीय केंद्राचे २०२५ मध्ये नियमित वापरात आलेले ‘एआयएफएस’ चक्रीवादळाचा मार्ग सांगण्यात तरबेज आहेत. पण त्यांचे चौकोन २५ ते ३० किलोमीटरचे. गावावरच्या ढगासाठी अजून तरी नाही.

लाल रंग आणि रेड अलर्ट

ॲपमधला लाल ही केवळ आकड्यांची पट्टी असते. ‘रेड अलर्ट’ हा हवामान विभागाचा इशारा असतो आणि त्याचा अर्थ ‘कृती करा’ असा. दोन्हींची सरमिसळ महागात पडते. तीनदा खोटी गारपीट वाचलेला शेतकरी चौथ्यांदा ताडपत्री काढत नाही. आपत्तीची खोटी सूचना पसरवून घबराट निर्माण केल्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी पाहावे की मॉडेलचे नाव आणि ते कधी चालवले ती वेळ दिली आहे का, शक्यतेची भाषा आहे का, आणि चुकलेल्या अंदाजावर तो माणूस नंतर बोलतो का. दहा दिवसांपुढच्या गारपिटीची तारीख छातीठोकपणे देणारा संदेश तिथेच थांबवावा. दोन-तीन दिवस आधीच्या अंदाजावर काढणी पुढे-मागे करता येते. प्रत्यक्ष वादळाच्या दुपारी मात्र रडारची चित्रे, हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि आसपास ४० किलोमीटरपर्यंतच्या विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप उघडावे.