आठवीत संस्कृत घ्यावं का? मार्कांच्या पलीकडचा हिशोब

मंडळी, पोस्ट जरा लांब झालीये, पण ज्यांची लेकरं यंदा आठवीत गेलीत त्यांनी वेळ काढून वाचाच.

धाकटीच्या शाळेतून कागद आला. हिंदी, हिंदी-संस्कृत संयुक्त की पूर्ण संस्कृत, खूण करून सोमवारी परत पाठवा. पालकांच्या ग्रुपवर दहा मिनिटांत निकाल लागला : 'संस्कृत घ्या, स्कोरिंग आहे.' एकानं लगेच तो जुना फॉरवर्डही टाकला, नासानं म्हणे संस्कृत ही कॉम्प्युटरची सर्वोत्तम भाषा ठरवली. नासानं असं काही ठरवलेलं नाही. तिथल्या रिक ब्रिग्ज नावाच्या एका संशोधकानं 1985 साली एक लेख लिहिला होता, त्यावर आपण चाळीस वर्षं जगतोय.

मी स्वतः संयुक्त संस्कृत घेतलं होतं, 50 मार्कांचं. सुभाषितं पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, रूपं तर झोपेतही पाठ. मार्क झकास पडले. दहावीचा पेपर देऊन घरी आलो आणि सायकल भिंतीला लावेपर्यंत सगळं विसरलो. तेव्हा उपयोग काय झाला, असं कोणी विचारलं असतं तर टक्केवारी वाढली एवढंच सांगितलं असतं.

पुढं इथल्याच कृषी विद्यापीठात बी.एस्सी. अ‍ॅग्रीला गेलो. तिथं गाठ पडली लॅटिनशी. पिकांची शास्त्रीय नावं! भेंडी म्हणजे अ‍ॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटस, अळू कोलोकेशिया एस्क्युलेंटा, आणि टोमॅटोचं तेव्हा पुस्तकात असलेलं नाव लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम. आम्ही ही पोरं-पोरी मिळून घोकायचो, रूमवर एकमेकांच्या परीक्षा घ्यायचो. एस्क्युलेंटस म्हणजे 'खाण्याजोगं' हे चार वर्षांत ना कोणी सांगितलं, ना मी विचारलं. शेवट तीन वेगळे का, तर लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. शुक्लः, शुक्ला, शुक्लम्! हे मी आठवीत घोकलं होतं की. दोन्ही भाषा दूरच्या बहिणी, रचना ओळखीची. पण मला ती रूपं मार्कांसाठी दिली होती, ओळखीसाठी नाही. म्हणून समोर आली तरी कळली नाहीत.

कापसाचंही तेच. गॉसिपियम हिरसुटम म्हणजे केसाळ, आर्बोरियम म्हणजे झाडासारखा. पानावर लव जास्त असली की तुडतुड्यांना त्रास होतो हे कापूसवाल्याला माहीत असतंच. अर्थ सांगितला असता तर नाव आणि शेत एका जागी आलं असतं. लॅटिनचा दबदबा बघा : नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं हा नियम 2012 पर्यंत होता, आता इंग्रजी चालते. नावं मात्र अजून लॅटिनच.

पण माझा खरा मुद्दा आपल्या मराठी माध्यमाच्या लेकरांचा आहे. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द बघा. प्रकाशाचं परावर्तन, अपवर्तन, मूलद्रव्यांची आवर्तसारणी. आता आपल्याकडं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी कधी सुटणार हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो 'आवर्तन' हाच शब्द वापरील. फिरून येणारी पाळी. तोच शब्द आवर्तसारणीत आहे, गुणधर्म फिरून येतात म्हणून. मुळात वळणं, फिरणं असा अर्थ; 'परा' लागलं की मागं वळणं, 'अप' लागलं की बाजूला वळणं. समद्विभुज म्हणजे दोन बाजू सारख्या. ही फोड एकदा हाती आली की विज्ञान-भूमितीचे शेकडो शब्द पाठ करायची गरजच उरत नाही. संस्कृतचा पुढच्या शिक्षणाला उपयोग आहे तो हा, आणि बऱ्याचदा शिकवायचा राहतो तोही नेमका हाच.

भाचीला बीएएमएस मिळालं तर ती पहिल्या वर्षी रडकुंडीला आली. पहिल्याच वर्षी संस्कृत हा विषय, वर संहिता वाचायच्या. तिनं शाळेत पूर्ण हिंदी घेतलं होतं. सहा महिने लागले तिला, पण जमलं. तिच्यासोबतची शंभर मार्कांचं संस्कृत केलेली मुलंही सुरुवातीला तशीच अडली, असं ती सांगते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला, सीए होणाऱ्याला थेट फायदा फारसा नाही, हेही खरं. उगाच डोक्यावर घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. पुढं ते संस्कृत स्वतःच्या कष्टानं शिकले. आज तसा नकार कोणी देत नाही. पण माझा पुतण्या गावच्या शाळेत आहे, तिथं संस्कृतचे शिक्षकच नाहीत, त्यामुळं खूण करायचा कागदही नाही. शहरातल्या पोराला स्कोरिंग विषय आणि गावातल्याला पर्यायच नाही, अन् अकरावीच्या यादीत दोघं एकाच रांगेत!

आणि जुन्या भाषा म्हटलं की फक्त संस्कृत का आठवावं? आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाकडं होता. आजोबांची पिढी उर्दूत शिकली. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा दप्तरातली मोडी अन् उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. ज्या भाषेत आपल्या जमिनीची आणि जातीची नोंद आहे ती आपल्याला वाचता येत नाही. मराठवाड्यात इतिहास किंवा कायदा शिकू पाहणाऱ्या पोरासाठी मोडी-उर्दू हा संस्कृतइतकाच, कदाचित जास्तच कामाचा विषय आहे. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून एवढं रान पेटलं, पण कोणती भाषा शिकून पुढं काय हाती लागतं हे फार कमी जणांनी विचारलं.

असो. आम्ही पूर्ण संस्कृतवर खूण केली. लेकीला सांगितलं, नव्वद पडो की सत्तर, धडा स्वतःच्या तोंडानं मराठीत सांगता आला पाहिजे, गाईड घरात येणार नाही. ती म्हणाली, मग मार्क कमी आले तर ओरडायचं नाही. लिहून दे म्हणाली. दिलंय.

पुतण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज करतोय. पूर्ण विषय नाही तर नाही, आठवड्याला एक तास विज्ञानातल्या शब्दांची फोड शिकवा, एवढंच मागणं. शहरातले एक निवृत्त सर शनिवारी गावात यायला तयार आहेत, जाण्या-येण्याचं पेट्रोल मी बघतो. आपल्या गावात असं करायचं असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, अर्जाचा नमुना पाठवतो.