दिव्याखालची वही

दिवसभर कचेरीत आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून घरी आलो की डोळे पेंगतात. पण पावसाळ्यात शनिवार आला म्हणजे आमच्या घरी लवकर कोणी झोपत नाही. अंगणात दोरीवर पांढरी चादर टांगायची, तिच्यापुढे बल्ब लावायचा आणि मोबाईल घेऊन बसायचे. तासाभरात चादरीवर पाखरांची जत्रा भरते. आमची सौ., शेजारची पाच-सहा मुले, त्यांच्या आया आणि आम्ही, असे सारे मिळून फोटो काढतो व वहीत नोंद करतो. सुरुवातीला लोक हसले. "बाबूजी, हापिसात माशा मारता अन् घरी पाखरं मोजता काय?" असे एकाने विचारलेही.

वाचक बंधू-भगिनींनो, दिव्यावर येणाऱ्या या पाखरांना पतंग म्हणतात. ते फुलपाखरांचेच भाऊबंद. फुलपाखराच्या मिशीचे टोक जाड असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. पतंग बहुधा पंख पसरून किंवा अंगावर छपरासारखे ठेवून बसतो. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. हॅम्पसन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८९२ ते १८९६ या काळात त्यांच्यावर चार खंड लिहिले. आज तेच काम जगभरची साधी माणसे फोटो काढून पुढे नेत आहेत. २०१२ पासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग सप्ताह पाळला जातो.

एकदा चादरीवर पाठीवर कवटीसारखी खूण असलेला मोठा पतंग बसला. हात लावताच तो चिरकला. एक म्हातारी आई म्हणाली, "अवदसा आहे, पोरांना आत घ्या." आम्ही तो फोटो मोठा करून दाखविला. याची अळी तिळाची पाने खाते आणि पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो, एवढाच त्याचा गुन्हा. दुसऱ्या शनिवारी त्याच आई खुर्ची घेऊन सर्वांच्या आधी हजर होत्या.

पण हा छंद नुसता करमणुकीचा नाही, हे आम्हाला मागच्या हंगामात कळले. आमचा आर्वी तालुका कापसाचा आणि संत्र्याचा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बोंडअळी संपली असे सर्वांना वाटले. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नाही. २०१७ साली विदर्भातील कापूस तिने पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेणारा माणूस बहुधा आपल्यापैकीच असतो, हे विसरू नये.

आमच्या मंडळातील आठवीच्या एका मुलीचे वडील तीन एकर शेत बटईने करतात. दुकानदाराने त्यांना तीन औषधे एकत्र मिसळून मारायला सांगितली. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी पाखरं मोजू." तिने कृषी सहायकांना विचारून एकरी दोन याप्रमाणे कामगंध सापळे लावले. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, तिला भुलून नर अडकतात. गुलाबी बोंडअळीचा पतंग नखाएवढा, राखाडी-तपकिरी, पंखांवर काळसर ठिपक्यांचा. वहीतल्या फोटोशी ताडून ती रोज सकाळी मोजू लागली. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर फवारणीचा विचार करावा, असा दंडक आहे. तिच्या सापळ्यात तीन, दोन, चार असे निघाले. डोमकळ्या नव्हत्या, आणि एकरी वीस हिरवी बोंडे फोडली तर एकातही अळी नव्हती. तेव्हाची फवारणी टळली. पुढे ऑक्टोबरात आकडा आठाच्या वर गेला तेव्हा वडिलांनी एकच औषध, तोंड-हात झाकून, वाऱ्याची दिशा पाहून मारले. कापूस काही सोन्याचा झाला नाही. भाव भावाच्या जागीच राहिला. पण औषधाचा खर्च वाचला आणि वडील निरोगी राहिले. मुलीच्या आईने वही कपाळाला लावली.

संत्र्याचेही तसेच. फळाला बारीक भोक पडून ते सडून गळते, त्यामागे बरेचदा रस शोषणारा पतंग असतो. तो रात्रीच येतो, म्हणून दिवसा सापडत नाही. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून बागेभोवतीच्या या वेली काढाव्यात, गळलेली फळे उचलून पुरावीत आणि सांजवेळी धूर करावा. शत्रूचे घर कळले की अर्धी लढाई तिथेच होते.

आता घरी करून पाहायचे त्यांच्यासाठी चार गोष्टी. अंधारी रात्र निवडा. फोटो वरून एक व बाजूने एक घ्या, शेजारी काडीपेटीची काडी ठेवा म्हणजे आकार कळतो. तारीख, गाव आणि जवळचे झाड लिहा. पतंगाला चिमटीत धरू नका, पंखांची भुकटी जाते. दोन-अडीच तासांनी दिवा मालवा आणि चादर हलकेच झटका, नाहीतर सकाळी चिमण्या सारे टिपतात. आणि मुख्य म्हणजे, ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव देऊ नका. काही जाती नुसत्या फोटोवरून ओळखताच येत नाहीत. आमच्या वहीत निम्म्या फोटोंपुढे प्रश्नचिन्हच आहे, आणि मुलांना त्याची लाज वाटत नाही.

पाहावे, मोजावे, मग ठरवावे, ही सवय मुलांना लागली तर ती पुढे दुकानदारापुढे, भोंदूपुढे आणि निवडणुकीच्या मांडवातही कामी येईल. चादर तर घरोघरी असतेच. येत्या शनिवारी टांगून पाहा.