विषादरोग : औषधाने की औषधावाचून?

मनुष्याला दुःख होते, हा रोग नव्हे. घरात मृत्यू घडला, हाताशी आलेले पीक बुडाले, परीक्षेत अपयश आले, तर मन खिन्न होणे हे ते निरोगी असल्याचेच लक्षण होय. परंतु कारण सरल्यावरही जेव्हा खिन्नता सरत नाही, किंवा मुळीच कारण नसताना ती येते. दोन आठवडे उलटून गेले तरी दिवसाचा बहुतेक काळ ती मनाला वेढून राहते. आवडीच्या गोष्टींतील गोडी नाहीशी होते, पहाटे तीन वाजता झोप मोडते, अन्नावरची वासना उडते आणि आपण घरच्यांना भार झालो आहोत असा विचार ठाण मांडून बसतो, तेव्हा ती व्याधी झाली असे समजले पाहिजे. या व्याधीला येथे विषादरोग म्हटले आहे. बोलण्यात तिच्यासाठी ‘डिप्रेशन’ हाच शब्द रुळला असून तो साध्या कंटाळ्यासाठीही सर्रास वापरला जातो, ही गोष्ट रोग्यांच्या हिताची नाही.

आपल्या देशातील रोगी डॉक्टरांपुढे बसून ‘मन उदास आहे’ असे सहसा सांगत नाही. डोके जड आहे, अंग दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, हातापायांतले बळ गेले, अशी त्याची गाऱ्हाणी असतात. त्याला ताकदीचे इंजेक्शन मिळते, जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात, क्वचित झोपेची गोळीही मिळते. मूळ व्याधीचे मात्र नावसुद्धा निघत नाही. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत, विषादरोग झालेल्या दर १०० व्यक्तींपैकी सुमारे ८५ व्यक्तींना कोणताही उपचार मिळत नाही असे आढळून आले. या आकड्यासमोर औषध घ्यावे की घेऊ नये हा वाद काहीसा चैनीचा वाटेल. तरी तो टाळता येत नाही. कारण जे १५ जण उपचारापर्यंत पोचतात, त्यांच्या घरात पहिल्याच दिवशी हा वाद उभा राहतो आणि पुष्कळदा त्या वादातच उपचार बुडतो.

या वादात दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते मनाचे दुखणे गोळीने बरे करू पाहणे हाच दुबळेपणा. माणसाने मन खंबीर करावे, कामात गुंतवून घ्यावे, म्हणजे सर्व ठीक होईल. दुसऱ्या पक्षाच्या मते मेंदूत एक द्रव्य कमी पडले आहे, गोळी ते भरून काढते. मधुमेहात इन्सुलिन, तशी विषादात गोळी. पहिला पक्ष रोग्याला अपराधी ठरवतो. दुसरा त्याला अपराधातून सोडवतो खरा. पण त्यासाठी तो जे शास्त्र सांगतो ते पुरेसे खरे नाही. हे समजण्यासाठी ही औषधे कशी सापडली ते पाहणे उद्बोधक ठरेल.

ती शोधून काढलेली नाहीत, ती सापडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात येत होते. जंतूंवरील परिणामाआधीच डॉक्टरांच्या लक्षात निराळी गोष्ट आली. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले रोगी उल्हसित झाले, त्यांची भूक वाढली, ते एकमेकांशी बोलू-हसू लागले. १९५७ साली नेथन क्लाइन यांनी हेच औषध विषादरोग्यांना दिल्याचे निष्कर्ष मांडले. पुढे यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते मागे घ्यावे लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मुन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कुन हे छिन्नमनस्कतेवरील औषध म्हणून आलेल्या एका संयुगाची परीक्षा करीत होते. त्या रोगावर ते निरुपयोगी ठरले. परंतु १९५६ साली विषादाने ग्रासलेल्या रोग्यांना दिले असता काही आठवड्यांत त्यांची कळा पालटली. ते औषध म्हणजे इमिप्रमीन.

या कथेतील तिसरा धागा भारतातून, त्यातही मुंबईतून जातो. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे फार पूर्वीपासून औषधात आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद यांवरील त्याच्या परिणामाविषयी लिहिले, आणि १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील त्याच्या उपयोगाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध करून सर्व जगाचे लक्ष तिकडे वेधले. सर्पगंधेतील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. लवकरच रेसर्पीन घेणारे काही रोगी अतिशय खिन्न होतात असे वृत्तांत येऊ लागले. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, प्राण्यांना रेसर्पीन दिल्यास त्यांच्या मेंदूतील सिरोटोनिनचा साठा घटतो. उलट, नवी विषादहारक औषधे अशाच द्रव्यांचा प्रभाव वाढवितात असे दिसून आले होते. दोन्ही गोष्टी एकत्र जोडून १९६० नंतरच्या दशकात अनुमान निघाले की, मेंदूत ही द्रव्ये कमी पडणे हेच विषादाचे कारण असावे. अनुमान सुंदर होते. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला मान्यता मिळाल्यावर ते जाहिरातींतून घरोघर पोचले आणि अनुमान होते ते सिद्धांत होऊन बसले.

परंतु तर्काच्या कसोटीस ते उतरत नाही. ताप आला असता पॅरासिटामॉलने उतरतो. म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप येतो असे कोणी म्हणत नाही. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे दाखवले की, विषादरोग्यांत सिरोटोनिन कमी असते याला सुसंगत पुरावा मिळत नाही. त्यावर वृत्तपत्रांतून एकच गहजब उडाला, आणि औषधेच फोल ठरली असा अर्थ पुष्कळांनी काढला. ही उलट दिशेने केलेली तीच चूक होय. हिवतापाचा परोपजीवी १८८० साली दिसला; सिंकोनाची साल त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे हिवताप बरा करीत होती. उपपत्ती चुकीची असूनही औषध खरे असू शकते. ते खरे आहे की नाही, हे ठरवण्याची रीत निराळी आहे.

ती रीत म्हणजे तुलना. काही रोग्यांना खरी गोळी द्यावयाची, काहींना तशीच दिसणारी पण निष्क्रिय गोळी. आणि कोणाला कोणती मिळाली हे रोग्यालाही ठाऊक नसावे व परीक्षकालाही. अशा ५२२ परीक्षा व त्यांतील १,१६,४७७ व्यक्ती यांची एकत्र मांडणी २०१८ साली आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने प्रसिद्ध केली. तपासलेली सर्व २१ औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी फरक मध्यमच निघाला. त्यापूर्वी २००८ साली आयर्विंग कर्श यांनी दाखवले होते की, हा फरक अतितीव्र रोगात ठळक दिसतो आणि रोग सौम्य असेल तेथे जवळजवळ मावळतो. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांतही पुष्कळ जण सुधारतात. त्यात आशेचा व आस्थेने केलेल्या विचारपुशीचा भाग असतोच. शिवाय विषादाचे पुष्कळसे झटके काही महिन्यांत आपोआप ओसरतात. या वस्तुस्थितीतून निघणारा निर्णय दोन्ही पक्षांना रुचणारा नाही. औषध हे थोतांड नाही, आणि ते सर्वांसाठीही नाही.

आता औषधावाचूनच्या उपचारांकडे वळू. अमेरिकेतील आरन बेक यांनी १९६० नंतर विकसित केलेली विचारशोधनाची पद्धती प्रसिद्धच आहे. परंतु ती देण्यास लागणारे शिक्षित तज्ज्ञ आपल्या तालुक्यात कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच. म्हणून गोव्यात झालेले काम या विषयात विशेष मोलाचे आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तेथील एका परीक्षेचे निष्कर्ष मांडले. दोन महिन्यांनी फ्लुओक्झेटिन घेणारे रोगी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले होते; ज्यांना बोलण्याचा उपचार मिळाला त्यांच्यात मात्र तसा फरक दिसला नाही. येथेच थांबले असते तर ‘आपल्या लोकांना गोळीच हवी’ असा निष्कर्ष पक्का झाला असता. ते थांबले नाहीत. त्यांनी बोलण्याचा उपचारच बदलला.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या परीक्षेत गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रोगी होते, आणि त्यांचा रोग बऱ्यापैकी तीव्र होता. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. मानसिक आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेले स्थानिक स्त्री-पुरुष होते. त्यांना काही आठवडे शिकवून तयार केले होते, आणि पुढेही ते एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांचे गुणदोष पाहत असत. सहा ते आठ भेटींत ते रोग्याशी जे बोलत त्याचे सूत्र साधे आहे. विषादाने माणूस कामे टाकतो; कामे टाकल्याने त्याला आनंद वा समाधान देणारे प्रसंग घटतात; ते घटल्याने विषाद वाढतो. हे चक्र विचारांच्या टोकाकडून नव्हे, कृतीच्या टोकाकडून उलटे फिरवावयाचे. आज अंगणातील झाडांना पाणी, उद्या बाजारापर्यंत फेरी, परवा बहिणीला एक दूरध्वनी, अशी अगदी लहान कामे रोग्याबरोबर बसून ठरवावयाची आणि पुढच्या भेटीत त्यांचा परिणाम पाहावयाचा. तीन महिन्यांनी, नेहमीच्या वैद्यकीय उपचारास या भेटींची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रोगमुक्त झाले होते. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

कोणी म्हणेल, ‘कामात गुंतवून घे’ असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात ते याहून निराळे काय? शब्द जवळचे आहेत, पण फरक मोठा आहे. विषादात बिछान्यातून उठून तोंड धुणे हेसुद्धा डोंगर चढण्यासारखे असते. त्या माणसाला डोंगर चढून जा असे सांगणे वेगळे, आणि पहिली पायरी किती उंचीची असावी हे त्याच्याजवळ बसून ठरवणे वेगळे. पहिला उपदेश फसला की रोगी स्वतःलाच दोषी ठरवतो.

तेव्हा रोग सौम्य असेल तर आरंभ औषधावाचून करावा हे बरे. ब्रिटनच्या २०२२ च्या उपचारमार्गदर्शिकेचाही कल तसाच आहे. नियमित व्यायामही येथे दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु रोग तीव्र असेल, अन्न-झोप तुटली असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलणे निघू लागले असेल, तर औषध टाळण्यात कोणताही पराक्रम नाही; तेथे विलंब हाच मोठा धोका होय. दोन्ही उपचार एकत्र दिल्याने अशा रोग्यांना बहुधा अधिक लाभ होतो. आधी मात्र रक्ततपासणी करावी. अवटू ग्रंथीचे मांद्य किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव विषादाचेच रूप घेऊन येते. पूर्वी कधी अवाजवी उत्साहाचे, न झोपता दिवसच्या दिवस काम करण्याचे झटके येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या रोगात नुसते विषादहारक औषध अपाय करू शकते.

गोळीचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्या दिवसापासून जाणवू शकते. पुष्कळ रोगी याच काळात औषध सोडतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत आरंभी आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असल्याने घरच्यांनी व डॉक्टरांनी त्या काळात अधिक लक्ष ठेवावे लागते. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावयाचे असते, आणि थांबवताना एकदम नव्हे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू मात्रा उतरवीत थांबवावयाचे असते. एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड असा त्रास होतो, आणि तो रोगच परतला अशी गैरसमजूत होते. या गोष्टी सांगण्यास पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती पाच मिनिटे मिळत नाहीत, आणि चिठ्ठीवर फक्त गोळीचे नाव उरते.

ही उणीव भरून काढणे अशक्य नाही, हे गोव्याच्या आरोग्य केंद्रांनी दाखवले आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत अहोरात्र बोलता येते. मात्र दूरध्वनीवरील संभाषण संपल्यावर रोग्याने जावयाचे ते त्याच्या तालुक्यातच. आणि तेथे सहा-आठ वेळा त्याच्याजवळ बसणारे, त्याच्याच गावचे, थोडे शिकवून तयार केलेले माणूस नेमण्याचा प्रश्न अजून बहुतेक जिल्ह्यांत हाती घेतलेला नाही.