नेट येतं, जात नाही

मंडळी, शेतात सिमकार्डवरचा कॅमेरा बसवायचा विचार असेल, तर पैसे घालण्याआधी एवढं वाचा.

गेल्या उन्हाळ्यात मोटारीची केबल चोरीला गेली, म्हणून मी कॅमेरा आणला. टेंभुर्णीपासून चार किलोमीटरवर, उसाला लागून आमची मोटारीची खोली. बसवणाऱ्यानं तिथंच मोबाइलवर स्पीड काढून दाखवला : २५ एमबीपीएस. ‘काका, आता घरबसल्या पिक्चर बघा,’ म्हणाला. घरी येऊन बघतो तर चित्र थिजलेलं आणि मधोमध गोल फिरतंय. त्याचा आकडा खोटा नव्हता, पण तो येणाऱ्या नेटचा होता. कॅमेऱ्याला लागतं जाणारं नेट. ते मोजलं तर अर्धा एमबीपीएससुद्धा भरेना.

मोबाइलचं नेट दोन्ही बाजूंनी सारखं नसतंच. टॉवर वीस-चाळीस वॅटनं बोलतो, आपला मोबाइल फार तर ०.२ वॅटनं. त्याची हाक आपल्याला ऐकू येते. आपली त्याच्यापर्यंत पोचता पोचता विरते. रेंज कमी असली की मोबाइल तापतो आणि बॅटरी उतरते ती याचमुळं, तो बिचारा सगळा जीव लावून ओरडत असतो. शिवाय २३०० मेगाहर्ट्‌झवरचं ४जी काय आणि ३३०० च्या वरचं ५जी काय, येणं-जाणं एकाच लहरीवर आळीपाळीनं चालतं. उजनीच्या कालव्याची पाणीपाळीच म्हणा ना. त्यात बहुतेक पाळ्या टॉवरला, कारण लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. आपण पडलो टेलचे शेतकरी.

सरकारी व्याख्याही याच वळणाची. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, तेही डाउनलोड. अपलोडचा किमान आकडा त्यात नाही. मला हे पटत नाही. पण ती बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपण तरी विचारत जाऊ : ‘येणारं सांगितलंत, जाणारं किती?’

ट्रायचं मायस्पीड ॲप घ्या. जे सिम कॅमेऱ्यात घालणार तेच मोबाइलमध्ये घाला, आणि जिथं कॅमेरा लावणार तिथं उभं राहून, रात्री आठच्या सुमाराला, अपलोडचा आकडा वाचा. ऊस डोक्यावर गेला की पुन्हा तपासा. ओली पानं लहरी पिऊन टाकतात. हिशेब सोपा आहे : ६० एमबीचा व्हिडिओ १ एमबीपीएसनं पाठवायला आठ मिनिटं, तोच ३० नं उतरवून घ्यायला सोळा सेकंद.

२०२१ पासून आपण ई-पीक पाहणी मोबाइलवर करतोय. तिथंही अडतं ते जाणारंच नेट. शेवटच्या तारखेवर ढकलू नका, त्या दिवशी अख्खं गाव फोटो पाठवायला बसलेलं असतं. अपलोड अडकलं तर फडात बटण दाबत राहण्यापेक्षा उघड्यावर, बांधावर या.

मी शेवटी कॅमेरा खोलीच्या पत्र्यावर, दहा फुटी पाइपावर चढवला. चित्राचा दर्जा खाली आणला, रेकॉर्डिंग त्याच्याच कार्डावर ठेवलं आणि हालचाल झाली तरच फोटो पाठव असं त्याला लावून दिलं. पहिल्याच रात्री दोन वाजता मोबाइल वाजला. धडपडत उठून बघितलं, तर शेजाऱ्याची म्हैस आमच्या कडवळात.