नागपंचमीला जन्मलेली माउली

आज श्रावण शुद्ध पंचमी. आज चुलीवर तवा चढत नाही, विळी-सुरीला विश्रांती असते, शेतकरी नांगर धरीत नाही. उकडलेल्या दिंडांचा नैवेद्य नागदेवतेस दाखविला जातो. याच पुण्यतिथीस नव्हे, तर याच मंगल तिथीस, इ.स. १८८० मध्ये, जळगावजवळच्या असोदे गावी महाजनांच्या घरी एक कन्या जन्मास आली. त्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी. महाराष्ट्राने त्यांचा गौरव भरभरून केला. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव लाभले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठाला! परंतु आज त्यांचे स्मरण एक माता म्हणून करावे, असे आम्हांस वाटते.

तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी झाला आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी काशी, ओंकार आणि सोपान ही तीन लेकरे. त्यांतल्या ओंकारास प्लेगने कायमचे अपंगत्व दिले. त्या काळच्या समाजात विधवेच्या वाट्यास दयेखेरीज फारसे काही येत नसे. ही माउली मात्र शेतात राबली, जात्यावर बसली आणि स्वतःच्या बळावर तिने संसार पेलला. कुंकू पुसले तरी गोंदण उरले, बांगड्या फुटल्या तरी मनगटातले कर्तृत्व कोठे गेले, असा भाव तिच्या गाण्यात येतो. हात पाहू इच्छिणाऱ्या ज्योतिष्यालाही ती दारातूनच परत पाठविते. तळहाताच्या रेघा म्हणजे नशीब नव्हे. आपले दैव आपणांस ठाऊक आहे, आणि देवाजवळ मागणे एवढेच की, आपले दोन्ही लाल सुखी राहोत! यात देवाचा अव्हेर नाही. श्रद्धा देवावर आणि भार मनगटावर, अशी ही सरळ वाटणी आहे.

आपण मात्र आपल्या मातांचे स्मरण कसे करतो? ‘आईने फार सोसले’ असे म्हणतो आणि डोळे पुसतो. श्राद्धाच्या दिवशी तिच्या आवडीची भाजी आठवणीने करतो, हे योग्यच आहे. पण ती काय बोलत असे, कशावर हसत असे, कोणाला ठणकावून नाही म्हणत असे, हे नातवंडांना कोण सांगतो? देवीची नऊ रूपे तोंडपाठ असलेल्या घरातही पणजीचे माहेरचे नाव विचारले, तर सारे एकमेकांकडे पाहू लागतात.

सोपानदेवांनी आईचे सोसणे सांगितलेच, परंतु तिचे बोलणेही जपले. जात्यावर, शेतात, कामाच्या ओघात तिच्या मुखातून आलेली गाणी त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेविली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरीही आईची ती ग्रामीण बोली शहरातील विद्वानांस रुचेल का, हा संकोच त्यांच्या मनात होताच. ३ डिसेंबर १९५१ रोजी आई निवर्तली. पुढे ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली, त्यांनी ते धन लोकांपुढे आणण्याचा आग्रह धरला, आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. पुत्राने मातेस दिलेले याहून मोठे तर्पण आम्हांस माहीत नाही.

आज तर वहीचीही गरज उरलेली नाही. आवाज टिपणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याने आपण दिंडांच्या ताटाचे छायाचित्र मात्र तत्परतेने घेतो! शेजारी बसलेल्या वृद्ध मातेस पंचमीचे एखादे गाणे म्हणावयास सांगावे. ती आढेवेढे घेईल, आवाज राहिला नाही म्हणेल, मग हळूहळू म्हणू लागेल. मध्येच एखादी ओळ तिला आठवणार नाही. तेवढ्यात तिच्या आईची गोष्ट निघेल. तीही टिपून घ्यावी. बहिणाबाईंचीदेखील वहीपर्यंत पोहोचली तीच गाणी आज आपल्याजवळ आहेत. बाकीची जात्याच्या घरघरीत आणि शेताच्या वाऱ्यावर विरून गेली.